उन्हं तापली, तोडलेली स्ट्रॉबेरी बांधावर ठेवू नका

फेब्रुवारी सरत आला. नंदुरबारच्या सातपुड्यात, डाब-तोरणमाळच्या पट्ट्यात रात्री अजून गारठा आहे, पण दुपारचं ऊन आता फळाला सोसत नाही. याच दिवसांत फळ एकदम पिकतं, भाव उतरतो आणि बारक्या, वाकड्या फळाला कुणी विचारत नाही. ते उकिरड्यावर टाकू नका, घरी गोठवा. पण त्याआधी, भाऊ, एवढं ऐका: तोडलेलं फळ उन्हात ठेवू नका.

नुकसान होतं ते इथंच. तोडणी सकाळी होते, भरलेली क्रेट बांधावर पडून राहते आणि गाडी येते अकराला. वरून माल लालभडक दिसतो. हात घालून तळाचं फळ काढून बघा: देठाजवळ मऊ पडलेलं, बोटाला रस लागतो. हेच फळ रात्री फ्रीझरमध्ये जातं, महिन्याने लगदा होऊन बाहेर येतं आणि दोष फ्रीझरला मिळतो. फ्रीझर फळ सुधारत नाही, जसं दिलं तसं धरून ठेवतो.

दव सुकलं की तोडायला लागा, नऊच्या आत आटपा. गोठवायचं फळ देठापर्यंत लाल हवं, कारण स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही. क्रेट लगेच सावलीत न्या. देठाची हिरवी पाती ताठ असेल तरच मी ते फळ अख्खं गोठवतो. पाती कोमेजली की ते जॅमला. हे पुस्तकात नाही, पण हा अंदाज सहसा चुकत नाही. करड्या बुरशीचं एकही फळ चांगल्यात राहू देऊ नका.

घरी आणल्यावर, त्याच दिवशी:
– देठासकट धुवा, भिजत ठेवू नका
– सुती कापडावर पंख्याखाली पूर्ण कोरडं करा
– देठ काढा
– ताटात एकाच थरात, सुटं मांडा
– रात्रभर गोठवा
– जाड पिशवीत भरा, हवा काढा, तारीख लिहा

देठ आधी काढला तर फळात पाणी शिरतं. स्ट्रॉबेरीत नव्वद टक्के पाणीच असतं. सावकाश गोठलं की बर्फाचे खडे मोठे होतात आणि गर फाडतात. म्हणून एकदम रास घालू नका. २०० लिटरच्या डीप फ्रीझरला दिवसाला ७-८ किलो पुरे. तापमान उणे १८ अंश ठेवा, वर्षभर फळ टिकतं. साध्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात एवढी थंडी नसते, तिथलं फळ काही आठवड्यांत संपवा. मिल्कशेकसाठी हवं असेल तर कापलेल्या १ किलो फळाला पाव किलो साखर चोळा, रस सुटला की डब्यात भरा. डब्यात वर बोटभर जागा सोडा, गोठताना रस फुगतो.

दुकानदार ‘टिकाऊ’ पावडर, चकाकीचं औषध गळ्यात मारतील. गोठवायच्या फळाला यातलं काहीही लागत नाही. त्या पैशात दोन ताडपत्र्या घ्या आणि वावरातच सावली करा. उन्हात तापलेल्या फळाला कुठलीच पावडर वाचवत नाही. फवारणी झाली असेल तर औषधाच्या लेबलवरचे प्रतीक्षेचे दिवस, म्हणजे फवारणीनंतर तोडणीपर्यंत थांबायचे दिवस, पाळा. गोठवल्याने औषधाचा अंश जात नाही, जंतूही मरत नाहीत, नुसते थांबतात.

बागेतली बाकी कामं: पिकली पानं काढणं, धावते फुटवे छाटणं, सडकी फळं लांब पुरणं, ठिबक पहाटे चालवणं.

वीज गेली तर झाकण उघडून बघत बसू नका. भरलेला डीप फ्रीझर बंद ठेवला तर साधारण दोन दिवस थंडी धरतो, अर्धा भरलेला एकच दिवस. वितळून नरम पडलेलं फळ परत गोठवू नका, गार आहे तोवर त्याच दिवशी जॅमच्या पातेल्यात घाला.