डस्ट कॅप कापून फेज प्लग बसवायचाय? आधी हे बघा

साडेसहा इंची मिडवूफरची (खालचा आणि मधला आवाज काढणाऱ्या स्पीकरची) डस्ट कॅप, म्हणजे कोनच्या मधोमध चिकटवलेली टोपी, काढून तिथे गोळीसारखा टोकदार फेज प्लग लावला तर आवाज सुधारतो का, असं बरेच जण विचारतात. लावता येतो, घरीच लावता येतो, पण तो नेमकं काय बदलतो ते कळल्याशिवाय ब्लेड हातात घेऊ नका, कापलेली कॅप पुन्हा पहिल्यासारखी बसत नाही.

फेज प्लगचं खरं घर म्हणजे हॉर्नचा कम्प्रेशन ड्रायव्हर (हॉर्नच्या मागे बसणारं, आवाज काढणारं युनिट), 1920 च्या दशकात बेल लॅब्समध्ये वेंट आणि थुरास यांच्या कामापासून तो तिथे आहे. समजा त्याचा डोम (घुमटासारखा हलणारा पडदा, म्हणजेच डायफ्राम) 44 मिमीचा आहे, म्हणजे मध्यापासून कडा 22 मिमी लांब, आणि 10 किलोहर्ट्झची तरंगलांबी जेमतेम 34 मिमी. त्यामुळे प्लग नसेल तर कडेचा आवाज मधल्या आवाजापेक्षा अर्ध्या तरंगलांबीहून जास्त मागे पडतो आणि दोघे एकमेकांना खातात. प्लगच्या फटी हे रस्ते सारखे करतात. फटी कुठे पाडायच्या म्हणजे आतल्या हवेचे रेझोनन्स दबतील, हे बॉब स्मिथने 1953 मध्ये गणिताने मांडलं. तेव्हा या ड्रायव्हरचा प्लग कधीही काढू नका, तासू नका, आणि डायफ्राम बदलताना खाली पातळ शिम (अंतर राखणारी चकती) असली तर ती जशीच्या तशी परत ठेवा, कारण डायफ्राम आणि प्लगमधलं अंतर अगदी थोडं असतं.

कोनवाल्या ड्रायव्हरमध्ये मात्र निम्मा फायदा प्लगचा नसून कॅप गेल्याचा असतो असं माझं स्पष्ट मत आहे. कॅप वरच्या फ्रिक्वेन्सीला स्वतःच वाजायला लागते, आणि पोलला (मॅग्नेटच्या मधल्या लोखंडी खांबाला) भोक नसेल तर तिच्याखाली अडकलेली हवा गॅपमधून (पोलभोवतीच्या ज्या फटीत तारेची कॉइल हलते तिथून) ये-जा करते. ते दोन्ही थांबतं, अॅल्युमिनियमचा प्लग असेल तर पोलची उष्णताही थोडी बाहेर येते, आणि टोकामुळे मधल्या खड्ड्याचा वरच्या फ्रिक्वेन्सीवरचा परिणाम कमी होतो. बदल्यात काय जातं तेही बघा. 25 मिमीच्या कॉइलवरची कॅप गेली की जवळपास 5 चौ. सेमी क्षेत्रफळ जातं, 130 चौ. सेमीच्या कोनला हे साधारण 0.3 डीबी, आणि हलतं वजन कमी झाल्याने ते थोडं भरून निघतं, रेझोनन्स किंचित वर सरकतो. 38 मिमीच्या कॉइलला हाच हिशोब 0.8 डीबीच्या आसपास जातो. म्हणून क्रॉसओव्हर (वूफर आणि ट्वीटरमध्ये फ्रिक्वेन्सी वाटून देणारं सर्किट) 2 किलोहर्ट्झला असेल तर मी तरी कापणार नाही, 4-5 पर्यंत चालवायचा असेल किंवा फुलरेंज (एकटाच सगळ्या फ्रिक्वेन्सी वाजवणारा) असेल तरच हा खटाटोप.

आता काम. आधी मोजमाप, त्यासाठीचं आरईडब्ल्यू हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ड्रायव्हर आणि माइक दोन्ही जमिनीपासून 1.2 मीटरवर, एकमेकांपासून 1 मीटरवर ठेवलेत तर जमिनीवरून परत येणारा आवाज साधारण 4.6 मिलीसेकंद उशिरा येतो, त्याआधीच गेट लावा, म्हणजे त्यापुढचा आवाज मोजणीतून वगळा. समोरून, 15 आणि 30 अंशांवरून स्वीप (खालून वर सरकत जाणारा चाचणीचा सूर) घ्या, इम्पीडन्सही (ड्रायव्हरचा विद्युत विरोध) घ्या, आणि स्टँडच्या जागा टेपने खुणा करून ठेवा, नाहीतर नंतरची तुलना फुकट जाईल.

कापताना कॅपची कड 1-2 मिमी सोडून गोल फिरा. सॉल्व्हंट वापरू नका, कोन आणि फॉर्मरचा (कॉइल गुंडाळलेल्या नळीचा) जोड त्याच जागी असतो. काही ड्रायव्हरमध्ये कॉइलच्या तारा कॅपखालून जातात, आधी टॉर्च मारून बघा, आणि ब्लेड मॅग्नेटकडे ओढलं जातं हे ध्यानात ठेवून हात घट्ट धरा. कॅप निघाली की गॅपवर लगेच मास्किंग टेप लावा, कचरा आत गेला तर टेपची चिकट घडी गॅपमध्ये फिरवून काढा. प्लग लाकडी, अॅल्युमिनियमचा किंवा थ्रीडी प्रिंट, लोखंडी नकोच, आणि त्याचा व्यास पोलपेक्षा जास्त कधीच नको. पक्कं करण्याआधी डबलटेपने चिकटवून दोन-तीन आकार मोजून बघा, टोक किती लांब ठेवायचं ते तिथेच कळतं. मग जुन्या एक्स-रे फिल्मच्या चार पट्ट्या फॉर्मर आणि प्लगच्या मध्ये उभ्या घाला, पोलवर अराल्डाईटचा छोटा थेंब, प्लग ठेवा, आणि घट्ट होईपर्यंत हात लावू नका.

पट्ट्या काढल्यावर दोन्ही हातांनी कोन सारखा दाबा, कुठे घासल्याचा आवाज येतोय का कान लावून ऐका, मग कमी आवाजात 20 ते 100 हर्ट्झचा स्वीप. बॉक्समध्ये बसवल्यावर जोरदार बासला मधून फुसफुस ऐकू आली तर ती प्लगभोवतीच्या फटीतून सुटणारी हवा आहे, सील्ड बॉक्समध्ये हे जास्त जाणवतं, तिथे प्लग पोलच्या मापापर्यंत जाड करून फट कमी करता येते. नवीन स्वीप जुन्यावर ठेवून बघा, 3 किलोहर्ट्झच्या वरचा भाग बदललेला असेल तर क्रॉसओव्हरचा नॉच (एखाद्या फ्रिक्वेन्सीचा उठाव दाबणारा भाग) पुन्हा हिशोब करून काढावा लागेल.