गुलाबी बोंडअळीसाठी कॅमेऱ्याचा कामगंध सापळा

कपाशीची पेरणी होऊन सुमारे ४५ दिवस झाले की, गुलाबी बोंडअळीचे गॉसिप्लूर ल्यूर (मादी पतंगाच्या कामगंधाची वडी) बसवलेला त्रिकोणी चिकट सापळा पिकाच्या शेंड्यापासून साधारण एक फूट उंच टांगावा. ल्यूरच्या वासाने फक्त नर पतंग येतात. नरसाळ्याच्या आकाराच्या दुसऱ्या प्रकारच्या सापळ्यात पिशवीत पतंगांचा ढीग होतो आणि कॅमेऱ्याला त्यातला एकेक वेगळा दिसत नाही, म्हणून येथे चिकट तळच हवा.

कॅमेरा तळावर काटकोनात रोखून पक्का बसवावा. पतंग रात्री फिरत असल्याने रोज पहाटे एकच छायाचित्र घ्यावे. आदल्या दिवशीच्या मोजणीतून फरक काढला की त्या रात्रीची आवक कळते.

छायाचित्रातील पतंग ओळखून मोजणाऱ्या संगणक प्रणालीला ओळख शिकवण्यात खरे कष्ट आहेत. प्रयोगशाळेत टाचलेल्या पतंगांच्या देखण्या चित्रांवर शिकलेली प्रणाली शेतात फसते, कारण चिकट तळावर पंख मोडलेले, खवले झडलेले आणि धुळीने माखलेले पतंग असतात. म्हणून आपल्याच सापळ्यातील छायाचित्रांवर जाणकाराकडून खुणा करून घ्याव्यात आणि माश्या, तुडतुडे, पालापाचोळा यांचीही उदाहरणे द्यावीत. पहिले काही आठवडे प्रणालीचा आकडा हातमोजणीशी ताडून पाहावा.

सलग तीन रात्री सापळ्यात प्रत्येकी आठ पतंग आले, तर आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे फवारणीचा विचार करावा इतका प्रादुर्भाव, गाठली असे मानतात. तरीही फवारणीपूर्वी २० हिरवी बोंडे फोडून पाहावीत, कारण अळी बोंडाच्या आत असते आणि कॅमेऱ्याला ती कधीच दिसत नाही.