दोन जुन्या बोटींतली एक निवडताना

मिशिगनमधल्या सेंट क्लेअर तलावासाठी जुनी बोट घ्यायची ठरली आणि दोन बोटींपाशी आमचं घोडं अडलं. एक २००८ ची, २० फुटी, मर्क्रुझरचं व्ही-६ इंजिन पोटात असलेली स्टर्नड्राइव्ह (म्हणजे इंजिन आत, पंखा फिरवणारा भाग मागे बाहेर), ९,५०० डॉलरला. दुसरी २०११ ची, १९ फुटी, मागे ११५ हॉर्सपॉवरचं यामाहा आउटबोर्ड, म्हणजे बाहेर टांगलेलं इंजिन, १३,००० डॉलरला. पहिलीच्या गाद्या कोऱ्या करकरीत. मागे पोहायला उतरायला प्रशस्त फळी. मुलांनी तिथेच बसकण मारली.

गाद्या शेवटी बघा. जायच्या आदल्या दिवशी विकणाऱ्याला सांगा, इंजिन आधी चालू करू नका, आणि पोचल्याबरोबर इंजिनाला हात लावा. तापलेलं इंजिन चटकन सुरू होतं, त्यामुळे त्याचं दुखणं कळत नाही. पहिल्या बोटीचं कोमट लागलं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेलो.

मग पंख्याकडच्या खालच्या भागातलं गिअर ऑइल थोडं काढायला लावा. पहिल्या बोटीचं दूध घातलेल्या चहासारखं निघालं, म्हणजे आत पाणी शिरलेलं. स्टर्नड्राइव्हचा बाहेरचा भाग बोटीला जिथे जोडतो तिथे पाणी अडवायला हार्मोनियमच्या भात्यासारखे रबरी बेलोज असतात. ते चिरले की पाणी थेट बोटीत येतं, म्हणून घड्या ताणून बघा. शिवाय अशी बहुतेक इंजिनं तलावाचंच पाणी ओढून थंड होतात. इथल्या थंडीआधी ते काढलं नाही तर गोठून इंजिनाच्या ब्लॉकला, म्हणजे मुख्य सांगाड्याला, तडा जातो. दर वर्षीच्या विंटरायझिंगच्या, म्हणजे थंडीआधीच्या या तयारीच्या, पावत्या मागा. आमच्या विकणाऱ्याकडे एकच होती. आउटबोर्ड उभं ठेवलं की पाणी आपोआप निथळतं. माझ्यासारख्या नवख्याला हा फार मोठा आधार वाटला.

इंजिन ज्यावर बसतं ती मागची भिंत, म्हणजे ट्रान्सम, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने वाजवा, नारळ वाजवून घेतो तशी. टणक आवाज हवा. बद्द आला तर आतलं लाकूड कुजल्याची शंका घ्या आणि बोटी तपासणाऱ्या सर्व्हेअरला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

चाचणीला सगळं घर न्या, तेही वाऱ्याच्या दिवशी. या तलावाची सरासरी खोली जेमतेम ११ फूट, त्यामुळे लाटा आखूड आणि उभ्या उठतात. माझी आई ६८ वर्षांची, गुडघे दुखरे. पहिल्या बोटीत धक्क्यावरून पाय टाकायला तिला दोघांचा आधार लागला. दुसरीत कडेलाच पायरी होती, रेलिंग धरून ती एकटी उतरली. तिथेच माझं ठरलं.

२० फुटांखालच्या बोटीवर किती माणसं नि किती वजन चालेल याची पट्टी असते, ती वाचा. मिशिगनमध्ये उघड्या डेकवर सहा वर्षांखालच्या मुलांना लाइफ जॅकेट घालणं कायद्याने बंधनकारक आहे. आमच्याकडे सगळेच घालतात.

दुसरी बोट १२,२०० ला मिळाली. वाचलेल्या पैशांतून आधी इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचा इम्पेलर, म्हणजे आतलं रबरी चक्र, बदलला. जुना किती वर्षांचा होता हे विकणाऱ्यालाही आठवत नव्हतं.