कॅल्शियम बांधणारी प्रथिनं: या चुका टाळा, आणि सुरुवात पाण्यापासून करा

कॅल्मोड्युलिन, ट्रोपोनिन सी, पार्वअल्ब्युमिन, कॅल्बिंडिन, एस-१०० कुळातली प्रथिनं. मेंदूत आणि हृदयात कॅल्शियम वाढलं की ते ओळखून पुढची हालचाल करणं किंवा ते धरून ठेवणं ही त्यांची कामं. या विषयात नवीन येणारी मुलं हुशार असतात, वाचून येतात, पण तरीही दरवर्षी त्याच चार-पाच चुकांवर त्यांचे महिने जातात. बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे: आपण कॅल्शियम टाकलं नाही, म्हणजे नळीत कॅल्शियम नाही, हा समज.

‘शून्य कॅल्शियम’ नावाची गोष्ट

आकडे आधी डोळ्यांसमोर ठेवा. स्वस्थ पेशीच्या आत मुक्त कॅल्शियम साधारण १०० नॅनोमोलर असतं. हृदयाचा ठोका पडताना ते १ मायक्रोमोलरच्या, म्हणजे १००० नॅनोमोलरच्या, आसपास जातं. आणि चांगल्या प्रयोगशाळेत, चांगल्या पाण्यात बनवलेल्या, काहीही न टाकलेल्या साध्या बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) १ ते १० मायक्रोमोलर कॅल्शियम सहज सापडतं. ते क्षारांच्या बाटल्यांतून येतं, काचेतून येतं, डायलिसिसच्या नळीतून येतं. म्हणजे तुमच्या ‘शून्य’ नळीत आकुंचन पावणाऱ्या हृदयपेशीपेक्षा जास्त कॅल्शियम असू शकतं.

हे नवीन नाही. या क्षेत्राची सुरुवातच अशा भेसळीतून झाली. लंडनमध्ये सिडनी रिंगर बेडकाच्या हृदयावर काम करत होते. १८८२ मध्ये त्यांनी लिहिलं की मिठाच्या द्रावणात हृदय छान चालतं. नंतर लक्षात आलं की ते द्रावण डिस्टिल्ड पाण्यात नव्हे, न्यू रिव्हर वॉटर कंपनीच्या नळाच्या पाण्यात बनलं होतं. खरोखर डिस्टिल्ड पाणी वापरल्यावर हृदयाचं आकुंचन मंदावून थांबलं, कॅल्शियम घातल्यावर परत आलं. १८८३ मध्ये त्यांनी हे सगळं छापून टाकलं. रिंगरनी पाण्यावर संशय घेतला म्हणून कॅल्शियमचं महत्त्व कळलं. आपण मात्र पाण्यावर संशय घ्यायचं सोडून प्रथिनावर घेतो.

आमच्याकडे एक मुलगी कॅल्मोड्युलिनचं टायट्रेशन करत होती, म्हणजे थोडं थोडं कॅल्शियम घालून किती बांधलं जातं ते मोजत होती. एके दिवशी ग्राफ घेऊन आली. “ताई, पहिल्याच पॉइंटला भरतंय. खूप घट्ट बांधतंय ना?” तिने तोवर त्या घट्ट बांधणीमागची कारणमीमांसाही लिहून काढली होती: म्हणे तिच्या प्रथिनातल्या एका बदलामुळे पकड शंभरपट वाढली. तिला इतकंच सांगितलं की मूळ, न बदललेलं कॅल्मोड्युलिन त्याच बफरमध्ये लावून बघ. तेही पहिल्याच पॉइंटला भरलं. ज्या प्रथिनाचा आकडा सगळ्या जगाला माहीत आहे, तेही जर तुमच्याकडे शंभरपट घट्ट बांधायला लागलं, तर शोध प्रथिनात लागलेला नसतो.

मग शोधाशोध सुरू झाली. पाण्याचं मशीन ठीक होतं. कॅल्शियमचा स्टॉक ठीक होता. शेवटी सापडलं ते मोजपात्र. काचसामान बोअरच्या पाण्याने धुतलं जायचं, आणि शेवटचा शुद्ध पाण्याचा हात कुणीतरी घाई म्हणून बंद केला होता. दख्खनच्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी किती जड असतं हे गिझरची कॉइल बदललेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. पात्राच्या तळाशी पांढरट कड दिसत होती, रोज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. त्या एका वाचवलेल्या मिनिटापायी त्या मुलीचा अख्खा पावसाळा गेला.

माझी सवय सांगते. कॅल्शियमच्या कामाला काच नाहीच. पॉलिप्रॉपिलीनच्या बाटल्या, त्याही पातळ आम्लात भिजवून आणि शुद्ध पाण्याने बऱ्याचदा खंगाळून. बाटल्यांवर ठळक खूण, आणि त्या दुसऱ्या कुणाला द्यायच्या नाहीत, मैत्री तुटली तरी चालेल. पीएच मीटरचा इलेक्ट्रोड मुख्य बाटलीत बुडवायचा नाही. थोडं द्रावण वेगळं काढून त्यात मोजायचं आणि ते फेकून द्यायचं. बफर चेलेक्स या धातूंचे आयन ओढून घेणाऱ्या रेझिनवरून काढायचं, पण लक्षात ठेवा, चेलेक्स मॅग्नेशियमही ओढून घेतं आणि पीएच हलवतं. मॅग्नेशियम नंतर घाला आणि पीएच पुन्हा लावा.

आणि प्रथिन घालण्याआधी नुसत्या बफरमध्ये फ्युरा-२ हा कॅल्शियम दाखवणारा रंग टाकून ३४० आणि ३८० नॅनोमीटरच्या प्रकाशातल्या चमकेचं गुणोत्तर बघा. गुणोत्तर वर दिसलं तर ईजीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन) अगदी थोडं थोडं घालत जा. ते तळाला यायला जितकं ईजीटीए लागलं, साधारण तितकं कॅल्शियम तुमच्या ‘शून्या’त होतं. अर्ध्या तासाचं काम आहे. ज्यांना अर्धा तास नाही त्यांनी दुसरं प्रथिन निवडावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

ईजीटीए म्हणजे जादू नव्हे

‘मग ईजीटीए भरपूर टाकू’ हा पुढचा शॉर्टकट. ईजीटीएची कॅल्शियमवरची पकड पीएचवर फार अवलंबून असते. पीएच ७.२ ला त्याचा विघटन स्थिरांक (जितका कमी तितकी पकड घट्ट) साधारण १५० नॅनोमोलर असतो, ७.० ला साधारण ३८०. आता हेही बघा की एक कॅल्शियम बांधताना ईजीटीए जवळजवळ दोन प्रोटॉन सोडतं. म्हणजे कॅल्शियम घालण्याच्या क्रियेनेच पीएच खाली येतो. तुम्ही १५० नॅनोमोलर मुक्त कॅल्शियम आहे म्हणून निर्धास्त, आणि नळीत अडीचपट. स्वस्थ हृदयपेशी आणि आकुंचनाला लागलेली हृदयपेशी यांतला बराचसा फरक तेवढ्यात येऊन गेला.

कॅल्शियम घातल्यानंतर पीएच परत लावा. ज्या तापमानाला प्रयोग करणार त्याच तापमानाला लावा, विशेषतः ट्रिस बफर वापरत असाल तर. कॅल्शियम क्लोराइडची पावडर हवेतलं पाणी शोषते, तिच्या वजनावर विश्वास ठेवू नका. मोजून दिलेलं तयार द्रावण घ्या. पीएच सांभाळणं जमतच नसेल तर बाप्टा हे कॅल्शियम पकडणारं दुसरं रसायन वापरा. रॉजर चिएन यांनी १९८० मध्ये ते बनवलं, ते ईजीटीएची ही अडचण कमी करण्यासाठीच.

याची उलटी बाजूही आहे. कॅल्मोड्युलिन शुद्ध करताना ते फिनाइल सेफॅरोजच्या कॉलमवरून ईजीटीएने उतरवतात. ते ईजीटीए नीट डायलिसिस करून काढलं नाही तर टायट्रेशनमध्ये सुरुवातीचं कॅल्शियम तेच गिळतं. ग्राफ आधी सपाट राहतो, मग एकदम चढतो, आणि मुलं त्याला ‘सहकारी बांधणी’ (एक कॅल्शियम बसलं की पुढचं सोपं बसतं, ती) म्हणून थीसिसमध्ये लिहितात.

‘पार्वअल्ब्युमिन पेशी मेल्या’

मेंदूकडच्या लोकांची ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. मेंदूच्या कापात पार्वअल्ब्युमिनची अँटीबॉडी लावली, आजारी उंदरात चमकणाऱ्या पेशी कमी मोजल्या, आणि निष्कर्ष लिहिला: इंटरन्यूरॉन (आसपासच्या पेशींना आवरणारे न्यूरॉन) नष्ट झाले. तुम्ही पेशी मोजलेल्या नाहीत. तुम्ही एका प्रथिनाची पातळी एका ठरावीक उजेडाच्या वर आहे की नाही, एवढंच मोजलंय.

पार्वअल्ब्युमिन पेशीच्या कामाप्रमाणे वरखाली होतं. उंदराच्या मिशा कापल्या की त्या मिशांच्या मेंदूभागात ते उतरतं, पेशी तिथेच असतात. पार्वअल्ब्युमिनचा जीन काढून टाकलेल्या उंदरांत अँटीबॉडीने मोजलं तर संख्या शून्य येईल, न्यूरॉन मात्र जागच्या जागी आहेत. त्यात काही अँटीबॉडी प्रथिनाचं कॅल्शियम बांधलेलं रूपच नीट ओळखतात. धुण्याच्या बफरमध्ये किंवा अँटिजेन रिट्रीव्हलला (अँटीबॉडीला प्रथिन सापडावं म्हणून कापावर करायची प्रक्रिया) ईडीटीए वापरलंत, तर तेही कॅल्शियम ओढून घेतं आणि निरोगी उंदराच्या पेशीही ‘मरतील’.

एका सादरीकरणात मी नेमकं हेच विचारलं होतं: दोन्ही गटांचे काप एकाच दिवशी, एकाच बफरमध्ये रंगवले का? नव्हते. आजारी गटाचे काप दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या प्रोटोकॉलने झाले होते. तो सगळा फरक पुन्हा तपासावा लागला आणि बराचसा नाहीसा झाला.

दुसरी खूण सोबत घ्याच. पेशीभोवतीची जाळी दाखवणारं डब्ल्यूएफए, या पेशींतलं केव्ही३.१बी पोटॅशियम चॅनेल, किंवा पार्वअल्ब्युमिनचा एमआरएनए. आणि त्याच भागातले एकूण न्यूरॉन मोजा. जाळी जागेवर आणि पार्वअल्ब्युमिन गायब असेल तर ‘पेशी गेल्या’ लिहायचं नाही, ‘पातळी उतरली’ लिहायचं. कॅल्बिंडिनबद्दलही तेच भान ठेवा. ते फक्त इंटरन्यूरॉनमध्ये नसतं, हिप्पोकॅम्पसच्या ग्रॅन्यूल पेशींतही भरपूर असतं.

आणखी काही, थोडक्यात

कॅल्मोड्युलिनमध्ये ट्रिप्टोफॅन नाही, टायरोसिन दोनच. १ मिलीग्रॅम प्रति मिलीलिटरला २८० नॅनोमीटरवर जेमतेम ०.१८ वाचन येतं. ‘वाचन १ म्हणजे १ मिलीग्रॅम’ धरणाऱ्यांचं प्रमाण पाचपटीहून जास्त चुकतं. ब्रॅडफर्ड या प्रथिन मोजायच्या रंगचाचणीवरही या आम्लधर्मी प्रथिनासाठी विसंबू नका, बीसीए चाचणी बरी.

कॅल्शियमच्या कामात फॉस्फेट बफर नको. अवक्षेप बसतो आणि तुम्हाला वाटतं प्रथिन बसलं.

जेलवर कॅल्मोड्युलिन कॅल्शियमसह पुढे पळतं, ईजीटीएसह मागे राहतं. दोन पट्ट्या दिसल्या तर ‘तुटलं’ म्हणून नवीन प्रेप लावण्याआधी दोन्ही प्रकारे चालवून बघा. ब्लॉटमध्ये (जेलमधलं प्रथिन पडद्यावर घेऊन अँटीबॉडीने शोधताना) ते पडद्यावरून धुऊन जातं. बारीक छिद्रांचा पीव्हीडीएफ पडदा घ्या आणि ट्रान्सफरनंतर ग्लुटाराल्डिहाइडने पक्कं करा.

कॅल्मोड्युलिनचे माणसात तीन जीन आहेत आणि तिन्ही अगदी एकच प्रथिन बनवतात. एक बंद करून ‘हृदयात त्याची गरज नाही’ असं लिहू नका. उलट, तीन जीनच्या मिळून सहा प्रतींपैकी एकाच प्रतीतला बदल हृदयाचा ताल जीवघेणा बिघडवू शकतो हे २०१२ पासून माहीत आहे. म्हणून बदललेलं प्रथिन एकटं तपासून थांबू नका, चांगल्यासोबत मिसळूनही तपासा.

मॅग्नेशियम विसरू नका. पेशीत पार्वअल्ब्युमिनच्या कॅल्शियम बांधायच्या जागा विश्रांतीत बहुतांशी मॅग्नेशियमने भरलेल्या असतात. ते सुटल्याशिवाय कॅल्शियम आत येत नाही. मॅग्नेशियम नसलेल्या नळीत मोजलेला वेग पेशीतला वेग नव्हे.

हृदयाच्या ट्रोपोनिन सीमध्ये कॅल्शियम बांधायची पहिली जागा निकामी आहे, नियंत्रण दुसऱ्या जागेकडे. सांगाड्याच्या जलद स्नायूतल्या ट्रोपोनिन सीचे आकडे उचलून हृदयाच्या मॉडेलमध्ये टाकू नका. आणि दवाखान्यात रक्तातून मोजतात ते ट्रोपोनिन आय किंवा टी. सी मोजून उपयोग नाही, कारण हृदयातलं सी हेच संथ स्नायूंमध्येही असतं. तक्त्यात नुसतं ‘ट्रोपोनिन’ लिहिलेलं असेल तर मी तो परत पाठवते: कुठलं, आणि कुठल्या स्नायूतलं, ते लिहून आणा.