रशियातील एकाच नावाची गावे : नकाशा, तिकीट आणि अनुवाद यांतल्या या चुका टाळा

रशियाच्या नकाशावर नुसते ‘रोस्तोव’ शोधले की दोन शहरे समोर येतात आणि त्यांच्यात हजार किलोमीटरांहून अधिक अंतर असते. त्यांतले जुने रोस्तोव मॉस्कोच्या ईशान्येला सुमारे २०० किलोमीटरांवर नेरो सरोवराच्या काठी आहे. त्याचा उल्लेख बखरींमध्ये ८६२ सालापासून सापडतो आणि आज तिथली वस्ती ३० हजारांच्या आसपास आहे. दुसरे दक्षिणेकडचे, डॉन (रशियन उच्चार ‘दोन’) नदीवरचे, १७४९मध्ये उभारलेल्या जकात नाक्याभोवती वाढलेले आणि ११ लाखांहून अधिक लोकवस्तीचे. त्याचे नाव तिथल्या किल्ल्यावरून पडले आणि किल्ल्याचे नाव होते जुन्या रोस्तोवचे धर्मगुरू संत दिमित्री यांचे. एका गावाचे नाव संताच्या वाटेने दुसऱ्या गावाला लागले आणि गोंधळाची सोय कायमची झाली.

रशियन माणूस हा गोंधळ जोडशब्दाने सोडवतो. आपण मराठीत लिहिताना नेमका तोच जोडशब्द ‘लांबलचक’ म्हणून गाळतो. दक्षिणेच्या शहराचे अधिकृत नाव ‘रोस्तोव-ना-दोनू’, म्हणजे डॉन नदीवरचे रोस्तोव, असे आहे, तर जुन्याला आदराने ‘रोस्तोव वेलिकी’ म्हणतात. रेल्वेचे तिकीट काढताना मात्र यांपैकी काहीच उपयोगी पडेल असे नाही, कारण स्थानकांची नावे आणखी वेगळी आहेत : ‘रोस्तोव-ग्लाव्नी’ हे दक्षिणेचे मुख्य स्थानक आणि ‘रोस्तोव-यारोस्लाव्स्की’ हे जुन्या शहराचे. दोन्हीकडच्या गाड्या मॉस्कोहून सुटतात, म्हणून ‘मॉस्को ते रोस्तोव’ एवढ्यावर विसंबून तिकीट काढू नये.

नोवगोरोदची गोष्ट आपल्याला अधिक जवळची आहे. पंधराव्या शतकात त्वेर या शहराचा व्यापारी अफानासी निकितिन चौलच्या बंदरात उतरला आणि तेथून जुन्नरमार्गे बीदरला गेला. त्याच्या प्रवासाविषयी मराठीत लिहिताना ‘तो नोवगोरोदवरून आला’ एवढेच लिहिले, तर वाचक नकाशावर वेलिकी नोवगोरोद गाठतो, आणि तिथे वाट खुंटते. ते शहर वोल्खोव नदीवर आहे. ही नदी उत्तरेला लादोगा सरोवराकडे वाहते, त्यामुळे तिच्या प्रवाहाबरोबर निघालेला माणूस कॅस्पियन समुद्राकडे जाणे शक्य नाही. निकितिन व्होल्गेने खाली आला, म्हणून त्याच्या वाटेवरचे नोवगोरोद म्हणजे निझ्नी नोवगोरोद. नाव संशयास्पद वाटले की आधी नदी पाहावी, हा माझा ठरलेला क्रम आहे, कारण शहरांची नावे बदलली तरी नद्या सहसा जागा सोडत नाहीत.

‘निझ्नी’ म्हणजे खालचे, ‘वेर्खनी’ म्हणजे वरचे, ‘बोल्शोये’ म्हणजे मोठे आणि ‘मालोये’ म्हणजे लहान. बुद्रुक आणि खुर्द यांचा घोळ ज्याने एकदा तरी निस्तरला आहे, त्याला ही विशेषणे का गाळू नयेत हे वेगळे सांगायला नको. त्यांचे भाषांतरही करू नये. ‘खालचे नोवगोरोद’ कोणत्याही नकाशात सापडणार नाही.

साल न पाहता नाव स्वीकारणे

सोव्हिएत काळात नेत्यांची नावे शहरांना इतक्या मोकळ्या हाताने दिली गेली की एकच नाव एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी नांदत होते. मिखाईल कालिनिन यांचे उदाहरण पाहावे. निकितिनचे त्वेर १९३१ ते १९९० या काळात ‘कालिनिन’ होते. बाल्टिक किनाऱ्यावरचे जर्मन शहर क्योनिग्सबेर्ग १९४६मध्ये ‘कालिनिनग्राद’ झाले. परंतु त्याच्याही आधी, १९३८पासून, मॉस्कोला लागूनच आणखी एक ‘कालिनिनग्राद’ होते आणि ते १९९६पर्यंत त्याच नावाने राहिले. त्यालाच आज आपण ‘कोरोल्योव’ म्हणतो. अंतराळयानांचे नियंत्रण केंद्र या मॉस्कोजवळच्या शहरात आहे. त्यामुळे १९८४मधील राकेश शर्मा यांच्या उड्डाणासंबंधीच्या मजकुरात ‘कालिनिनग्राद येथील नियंत्रण केंद्र’ असे वाचून बाल्टिक समुद्रावर बोट ठेवले, तर चूक हजारभर किलोमीटरांची होते. शहर कोणते हे ठरवण्याआधी मजकूर कोणत्या साली लिहिला गेला ते पाहणे येथे अपरिहार्य आहे.

सेर्गेई किरोव यांची डिसेंबर १९३४मध्ये हत्या झाली आणि त्यानंतर व्यात्का हे जुने शहर ‘किरोव’ झाले. पुढे १९३६मध्ये कालुगा ओब्लास्तातील पेसोच्न्याही ‘किरोव’ झाले. ओब्लास्त म्हणजे साधारणपणे आपला प्रांत. शिवाय मुर्मान्स्क आणि लेनिनग्राद ओब्लास्तांत एकेक ‘किरोव्स्क’ आहे आणि उरल भागात ‘किरोवग्राद’. शहराचे नाव मागे फिरले तरी ओब्लास्ताचे फिरतेच असेही नाही : सेंट पीटर्सबर्गभोवतीचा प्रदेश आजही लेनिनग्राद ओब्लास्त आहे आणि येकातेरिनबुर्ग ही स्वेर्दलोव्स्क ओब्लास्ताची राजधानी आहे. याला छपाईची चूक समजून ‘सुधारू’ नये.

विभक्तीला नाव समजणे

अनुवादकांची ही चूक सर्वांत चिवट आहे. मराठीतल्या सामान्यरूपासारखीच रशियन नावेही वाक्यात बदलतात. ‘नाशकात’ वाचून परक्या माणसाने ‘नाशक’ नावाचे गाव शोधत बसावे, तसे आपण ‘इझ किरोवा’ वाचून ‘किरोवा’ शोधत बसतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ ‘किरोवहून’ एवढाच असतो. याहून बिकट प्रसंग ‘व पूश्किने’ या दोन शब्दांचा आहे. सेंट पीटर्सबर्गजवळ ‘पूश्किन’ आहे आणि मॉस्कोजवळ ‘पूश्किनो’ आहे, आणि व्याकरणाच्या नियमाने दोन्हींचे सप्तमीचे रूप एकच होते. म्हणूनच अनेक रशियन लोक दुसरे नाव न बदलता ‘व पूश्किनो’ असे म्हणतात. मजकुरात ‘व पूश्किने’ आले तर व्याकरण मदत करणार नाही. आसपास राजवाडा, लोकलगाडी किंवा ओब्लास्त यांचा काही उल्लेख आहे का, तेच शोधावे लागते.

इवानोवो, इवानोव्का आणि इवानोव्स्कोये ही तीन निरनिराळी नावे आहेत. शेवटचे अक्षर ‘उच्चाराचा फरक’ म्हणून सोडू नये.

खेड्यांच्या बाबतीत ओब्लास्तावर थांबणे

शहरांचे प्रश्न ओब्लास्त लिहिले की बहुधा सुटतात, खेड्यांचे सुटत नाहीत. चर्च असलेल्या गावाला ‘सेलो’ म्हणत आणि पुष्कळदा त्या चर्चचेच नाव गावाला मिळे. म्हणून संत निकोलाय यांच्यावरून निकोल्स्कोये, ख्रिस्ती त्रैक्याच्या सणावरून त्रोइत्स्कोये आणि माता मारियेच्या संरक्षणाच्या सणावरून पोक्रोव्स्कोये ही नावे देशभर विखुरलेली आहेत. त्यांत सोव्हिएत राजवटीने ओक्त्याब्र्स्की आणि पेर्वोमाइस्की यांची भर घातली. एका ओब्लास्तात अशी अनेक खेडी असू शकतात, तेव्हा रायोन, म्हणजे तालुका, आणि वस्तीचा प्रकार (सेलो, देरेव्न्या, पोस्योलोक की खुतोर) हे दोन्ही लिहावेत. जुन्या कागदांत गुबेर्निया आणि उयेझ्द असे विभाग आढळतात. ते १९२०च्या दशकात मोडले गेले. सारातोव गुबेर्नियातले कामिशिन आज वोल्गोग्राद ओब्लास्तात आहे, त्यामुळे त्याच्या परिसरातले गाव आजच्या सारातोवमध्ये धुंडाळणे व्यर्थ ठरते.

पडताळा कसा घ्यावा

महाराष्ट्रातून रशियात वैद्यकीय शिक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पालकांना हा भाग विशेष कामाचा आहे. आमूर नदीवर, चीनच्या सीमेला भिडलेल्या ब्लागोवेश्चेन्स्क शहरात वैद्यकीय अकादमी आहे. त्याच नावाचे लहान शहर बाश्कोर्तोस्तानमध्येही आहे. पाकिटावरचा सहा अंकी टपाल क्रमांक ६७५ने सुरू झाला तर शहर आमूरचे, ४५३ने सुरू झाला तर बाश्कोर्तोस्तानचे. क्रमांक हाताशी नसेल तर घड्याळ पुरते : आमूरचे शहर भारताच्या साडेतीन तास पुढे आहे आणि दुसरे अर्धा तास मागे आहे. हीच युक्ती ‘मिर्नी’लाही चालते, कारण हिऱ्यांच्या खाणीचे मिर्नी दूर याकुतियात आहे, तर प्लेसेत्स्कच्या अंतराळतळाचे मिर्नी मॉस्कोच्या वेळेवर चालणाऱ्या अर्खांगेल्स्क ओब्लास्तात आहे.

उलट दिशेची एक चूकही होते, ती म्हणजे ओळखीचे नाव दिसताच मूळ मजकूरच चुकला असे मानणे. चेल्याबिन्स्क ओब्लास्तात ‘पारिझ’, म्हणजे पॅरिस, नावाचे खेडे खरोखर आहे. नेपोलियनविरुद्धच्या लढायांची आठवण म्हणून तिथल्या कोसॅक सैनिकांच्या वस्त्यांना अशी फ्रेंच ठिकाणांची नावे दिली गेली आणि शेजारीच ‘फेर्शाम्पेनुआझ’ही आहे. या पारिझमध्ये आयफेल मनोऱ्याच्या आकाराचा मोबाइलचा मनोरा उभा आहे, त्यामुळे केवळ छायाचित्र पाहून नाव ‘पॅरिस’ असे दुरुस्त करण्याचा मोह संपादकाने आवरावा आणि ओब्लास्त तेवढे जोडून द्यावे.