गेटपासून पाण्यापर्यंतची वीस पावलं

मी पोहायला शिकलो आमच्या मळ्यातल्या विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. चुलते वरून ढकलायचे आणि दोर धरून काठावर बसायचे. बाराव्या वर्षापर्यंत उन्हाळ्याची दुपार म्हणजे मुटके, सूर आणि लालभडक डोळे. मी ट्रान्स पुरुष, म्हणजे जन्मल्यावर मला मुलगी मानलं गेलं होतं. मग छाती भरायला लागली. घरचे "आता पुरे" म्हणाले, पण त्याआधीच मी थांबलो होतो. ओला शर्ट अंगाला चिकटलेला मला बघवत नव्हता. पुन्हा पाण्यात उतरलो तो एकतिसाव्या वर्षी, पुण्यातल्या एका सार्वजनिक तलावात. मधली एकोणीस वर्षं "छातीचं ऑपरेशन झालं की पोहेन" असं म्हणण्यात गेली. ऑपरेशन अजून झालेलं नाही. पोहतो मात्र आठवड्यातून तीन दिवस.

तुम्ही ट्रान्स किंवा नॉन-बायनरी (स्वतःला फक्त बाई किंवा फक्त पुरुष न मानणारे) असाल आणि पोहावंसं वाटत असेल, तर हात कसे मारायचे ते कोच शिकवेलच. आपलं अडतं ते गेटपासून पाण्यापर्यंतच्या वीस पावलांत. एकदा पाणी गळ्याला लागलं की कुणाला काही दिसत नाही.

पहिल्या दिवशी पोहायचे कपडे नेऊच नका. नुसतं बघून या. कपडे बदलायच्या खोल्यांना दारं आहेत का, कड्या लागतात का? शॉवर उघड्यावर आहेत का? खोलीपासून पायऱ्यांपर्यंत किती चालावं लागतं? बॅचा कशा लावल्या आहेत? लेडीज आणि जेन्ट्स अशा दोनच असतील तर आधी बोलून ठेवावं लागतं. फॅमिली बॅच असेल तर बरंच काम सोपं होतं, कारण तिथं सगळेच सरमिसळ असतात.

बोलायचं ते गर्दी नसताना, आणि थेट व्यवस्थापकाशी. मी आधी न बोलता गेलो होतो. गेटवर "ताई, लेडीज बॅच दुपारी असते" असं चारचौघांत ऐकलं आणि तसाच घरी परतलो. दुसऱ्या ठिकाणी आधी भेटलो आणि एवढंच म्हणालो, "सर, मी ट्रान्स पुरुष आहे. पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालूनच पाण्यात उतरतो. बदलायला फक्त कडी लागणारी एक खोली हवी." त्यांनी जरा विचार केला आणि कोचचं सामान ठेवतात त्या खोलीची किल्ली दिली. काय हवं ते नेमकं सांगितलं की समोरच्यालाही सुचतं. नकारच मिळाला तर 2019 चा ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा आहे. सर्वांसाठी असलेली सुविधा आपल्याला नाकारायला त्याच्या कलम 3 ने मनाई केली आहे. झेरॉक्स पिशवीत असू द्या, पण बोलणं तिच्यापासून सुरू करू नका.

आता कपडे. पोहायचे कपडे घरूनच आत घालून निघा, म्हणजे जाताना बदलायचा प्रश्नच उरत नाही. येतानासाठी मी दोन पंचे कडेनं शिवून घेतलेत, वर डोकं जाईल एवढी फट ठेवून. तो झगा अंगावर घ्यायचा आणि आतल्या आत ओलं काढून कोरडं चढवायचं. नदीवर आंघोळ करणारी आपली माणसं पंचा गुंडाळून हेच तर करत आली.

छातीबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथं चुका महागात पडतात. रोजचा बाइंडर, म्हणजे छाती सपाट दिसावी म्हणून आत घालायचा घट्ट कपडा, घालून पोहू नका. पोहताना श्वास खोल घ्यावा लागतो आणि बाइंडर बरगड्यांना फुलू देत नाही. क्रेप बँडेज तर कधीच नाही, पाण्याबाहेरही नाही. मी जुनी, सैल झालेली स्पोर्ट्स ब्रा आणि तिच्यावर एक माप मोठा, गडद रंगाचा पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड, म्हणजे पोहायचा टीशर्ट, घालतो. गडद रंगाखाली ओलेपणीही उठाव कमी दिसतो. सुती टीशर्ट बहुतेक तलावांवर चालत नाही, आणि भिजला की तो ओढतोही.

छातीचं ऑपरेशन झालं असेल तर सगळ्या जखमा पूर्ण भरून सर्जननं हो म्हणेपर्यंत पाण्यात उतरायचं नाही. नंतरही वर्षभर व्रणांवर ऊन येऊ देऊ नका, ते काळे पडतात.

माझी एक मैत्रीण ट्रान्स स्त्री आहे. ती गुडघ्यापर्यंतचा फ्रॉकचा कॉस्च्युम घालते आणि पुढचा उठाव दिसू नये म्हणून आत घट्ट बसणाऱ्या दोन चड्ड्या. त्यासाठी लावलेली चिकटपट्टी पाण्यात सुटते आणि कातडी सोलते, हे ती अनुभवानं सांगते. दाढी आदल्या रात्री करते. ताज्या दाढीवर क्लोरीन झोंबतं. केस काढायला लेझर केलं की डॉक्टर सांगतील तितके दिवस सुट्टी.

पाण्यात पहिल्या दिवशी पोहायची घाई नको. गळ्यापर्यंत पाण्यात नुसते उभे राहा. तिथं पायांवर अंगाच्या वजनाचा जेमतेम दहावा हिस्सा उरतो. तोंड पाण्यात घालून हळूहळू बुडबुडे सोडा. मग कुणाला तरी मानेखाली हात धरायला सांगून उताणे तरंगा. कान पाण्याखाली गेले की बाहेरची 'ताई', 'दादा' सगळी हाक बंद होते आणि फक्त स्वतःचा श्वास ऐकू येतो. दिवसभर बाइंडरमध्ये आवळलेल्या बरगड्या तिथं मोकळ्या होतात. आपल्याच अंगाशी धरलेली अढी एका दिवसात सुटली असं मी म्हणणार नाही. पण पहिल्या महिन्यातच या खांद्यांनी आज वीस फेऱ्या मारल्या, असा विचार माझ्या मनात यायला लागला. खांदे कसे दिसतात हा प्रश्न तेवढ्यापुरता बाजूला पडायचा. झोपही लागायला लागली.

पहिले चार-पाच दिवस कुणाला तरी सोबत न्या, पोहता येत नसलेलं माणूसही चालेल. माझ्याबरोबर एक नॉन-बायनरी मित्र यायचे. कधी "मी आलो", कधी "मी आले" म्हणायचे आणि काठावर माझा झगा धरून बसायचे. मी पायऱ्या चढून वर आलो की तो लगेच अंगावर टाकायचे. सहाव्या दिवशी त्यांनी विचारलं, "मलाही असा एक शिवून देशील?"

पंचे सुतीच घ्या, टेरीकॉट पाणी नीट शोषत नाही.