जुन्या लुगड्यांची वाकळ: कापड निवडण्यापासून गोटापर्यंत

कपाटातून निघालेल्या ढिगाचे आधी तीन भाग करा. जे अजून अंगावर घालता येतं त्याला कात्री लावू नका. ते घरातल्या कुणाला तरी द्या, नाहीतर बोहारणीला. भांड्याच्या बदल्यात गेलेली साडी किंवा शर्ट धुऊन, उसवलेलं शिवून जुन्या बाजारात पुन्हा विकला जातो. त्यावर बोहारणीचं घर चालतं आणि घेणाऱ्यालाही परवडतं. कपडा कपडा म्हणूनच वापरला जाणं हा त्याचा सगळ्यात चांगला उपयोग, बाकी सगळं त्यानंतर. विरलेली सुती लुगडी, धोतरं, पंचे वाकळीला, म्हणजे गोधडीला, ठेवा. सिंथेटिक साड्यांचा ढीग वेगळा लावा.

एक किलो सुती कापडामागं जगभराच्या सरासरीनं सुमारे १०,००० लिटर पाणी लागतं. दोन माणसांच्या चार थरी वाकळीत साधारण दोन किलो कापड जातं, म्हणजे वीस हजार लिटर, दहा हजारी टँकर धरला तर दोन टँकर. मिरजेहून लातूरला २०१६ साली रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, त्या भागात हा आकडा लगेच मनाला भिडतो. पण तो जपून वापरावा. मराठवाड्यातला बहुतेक कापूस कोरडवाहू, त्याला लागलेलं पाणी मुख्यतः पावसाचं. नळाचं पाणी वाचलं असा त्याचा अर्थ होत नाही. खरा बोजा फवारणीचा, आणि कापड रंगवताना-धुताना नदीनाल्यात जाणाऱ्या पाण्याचा. तोही कधी टळतो, तर वाकळीमुळं नवीन पांघरूण विकत घेणं टळलं तरच. वाकळ माळ्यावर आणि बाजारातलं पॉलिस्टरचं ब्लँकेट अंगावर, असं झालं तर वाचलं काहीच नाही. म्हणून वाकळ रोज वापरता येईल अशीच शिवावी: धुता येईल, उचलता येईल, टोचणार नाही.

कापड ओळखणं

हात लावून सुती वाटणारं कापड पुष्कळदा मिश्र निघतं. कडेचे चार-पाच धागे उपसून स्टीलच्या ताटलीत पेटवा, शेजारी पाणी ठेवा. सुती धाग्याला जळक्या कागदाचा वास येतो आणि बोटानं चुरली जाणारी राखाडी राख उरते. पॉलिस्टर वितळून आकसतो आणि त्याची काळी कडक गोळी होते. राखेत बारीक खडे लागले तर कापड मिश्र आहे. ते आतल्या थराला चालेल, वरच्या-खालच्या थराला नको, कारण ते घाम शोषत नाही.

मग ताकद बघा. कापड उजेडासमोर धरा. बसण्याची जागा आणि निऱ्यांचा खालचा भाग आधी विरतो, तिथून उजेड चाळणीसारखा येतो. नऊवारीत काष्ट्याचा भागही बघा. दोन्ही हातांत धरून झटका द्या. फाटलं तर तेवढा तुकडा बाजूला काढा. आतल्या थरात विरलेलं कापड खपतं, पण बोटानं फाटणारं खपत नाही. ते धुण्यात गोळा होतं आणि वाकळीत गाठी बसतात.

धुणं

फॉल उसवा, जरीचे काठ काढा, हूक-बटणं काढा. दहा लिटर कढत पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा टाकून कापड रात्रभर भिजवा आणि सकाळी दोन-तीन पाण्यांतून काढा. खळ पूर्ण निघाली पाहिजे, कारण घडीत राहिलेल्या खळीवर कसर येते आणि कापड खाते. रंगाची परीक्षा आत्ताच करा: ओलं कापड पांढऱ्या फडक्यावर दाबून धरा. लाल, हिरवी, काळी लुगडी बहुधा सुटतात. मीठ टाकल्यानं सुटणारा रंग पक्का होत नाही. पाणी स्वच्छ येईपर्यंत वेगळं धुणं एवढाच उपाय, आणि तरीही रंग येत राहिला तर ते कापड पांढऱ्या धोतराशेजारी लावू नका.

माप

सहावारी साडी सुमारे १८ फूट लांब आणि ४५ इंच रुंद असते. तिचे ७ फुटांचे दोन तुकडे शेजारी-शेजारी जोडले की काठ-शिवणीत जाणारं सोडून ७ फूट लांब आणि सव्वासात फूट रुंद असा एक थर होतो, आणि ४ फूट कापड उरतं. चार थरांना चार साड्या. नऊवारी २७ फुटांची, तिचे पावणेसात फुटांचे चार तुकडे पडतात, म्हणजे एका लुगड्यात दोन थर. जुन्या लुगड्यांचा पन्हा, म्हणजे रुंदी, कमी-जास्त असतो, तेव्हा मोजल्याशिवाय फाडू नका.

आणि फाडाच, कापू नका. कडेला छोटी चीर देऊन हातानं फाडलं की सुती कापड धाग्याच्या सरळ रेषेत जातं. कात्रीनं कापलेली कड डोळ्याला सरळ दिसते, पण धाग्याला तिरकी असते. दोन धुण्यांत वाकळीचा एक कोपरा लोंबायला लागतो, तो याच कारणानं.

थंडीच्या लाटेत परभणीकडं पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा चार थर कमी पडतात. सहा घ्या. ऊब थरांमध्ये अडकलेल्या हवेची असते, म्हणून पाच पातळ थर दोन जाड थरांपेक्षा बरे. सातच्या पुढं हाताची सुई आरपार जात नाही, बोटं सोलवटतात.

अंथरणं आणि कच्चा टाका

सगळ्यात जास्त वाकळी इथंच बिघडतात. वारा नसताना, झाडून पुसलेल्या फरशीवर खालचा मजबूत थर सुलटी बाजू जमिनीकडं करून पसरा आणि चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवा. त्यावर विरलेले थर, जोडाची शिवण प्रत्येक थरात चार बोटं सरकवून. सगळे जोड एकावर एक आले तर मधोमध दोरीसारखा उंचवटा होतो आणि पाठीला टोचतो. सगळ्यात वर दुसरा मजबूत थर, सुलटी बाजू वर. प्रत्येक थर हातानं मधून कडेकडं सारखा करा, पण ताणू नका. ताणलेलं कापड शिवून झाल्यावर आकसतं आणि शेजारच्या थराला चुण्या पडतात.

आता मोठमोठे कच्चे टाके घाला, मधल्या बिंदूपासून कडेकडं, दर हातभर अंतरावर, उभे आणि आडवे. अर्धा दिवस जातो म्हणून हे टाळायचा मोह होतो. टाळलं की जादा कापड प्रत्येक ओळीबरोबर पुढं ढकललं जातं आणि शेवटी मधोमध झोळ उरतो. तो उसवल्याशिवाय निघत नाही.

धावदोरा

जाड सुती दोरा घ्या. पॉलिस्टरचा दोरा तुटत नाही, हीच अडचण. जुनं कापड त्याच्यापेक्षा कमजोर असतं, तेव्हा ताण आला की दोरा टिकतो आणि कापड कापलं जातं. दोन हात लांबीचाच दोरा ओवा, त्याहून लांब घेतला की गुंता होतो. मेणावरून एकदा ओढून घेतला तर सरकतो चांगला. गाठ थरांच्या आत लपवा. टाका पाव इंच ते अर्धा इंच.

पद्धती दोन. इकडच्या बाया बहुधा कडेपासून सुरू करून चौकोनात फिरत आत जातात. त्यात ओळी वळतात ते कोपरे देखणे दिसतात, पण कच्चा टाका नीट हवा. नवशिक्यानं सरळ ओळी घालाव्यात, मधून कडेकडं.

ओळींमधलं अंतर श्रम ठरवतं. सात बाय सव्वासात फुटांच्या वाकळीत एक इंच अंतर ठेवलं तर सुमारे १८५ मीटर टाका होतो. दीड इंचाला सव्वाशे मीटर, दोन इंचाला नव्वदच्या आसपास. दोरा दुहेरी असेल तर टाक्यात मुरणारा धरून एक इंचाच्या कामाला साडेचारशे मीटर दोरा धरा. दोन इंचांपेक्षा विरळ ओळींत आतले विरलेले थर सरकतात. दीड इंच हे घरच्या वापराला पुरेसं.

शेवटी गोट, म्हणजे कडेनं लावायची पट्टी. घेर सुमारे साडेअठ्ठावीस फूट. साडीच्या उरलेल्या ४ फुटी तुकड्यातून ४ इंच रुंदीच्या आठ पट्ट्या उभ्या फाडून जोडा, म्हणजे एकाच तुकड्यात काम भागतं. पट्टी दुमडून कड आत घ्या आणि दोन वेळा शिवा, कारण वाकळ आधी कडेलाच फाटते. गोट वेगळा असला की पाच वर्षांनी तेवढाच बदलता येतो. बाकीच्या तुकड्यांतून डाळीच्या पिशव्या, गाळणी, मसोती होतात.

मजुरी

शेतीची कामं उरकल्यावर उन्हाळ्यात बाया वाकळी शिवून देतात. त्यांचा भाव ठरवताना नगावर बोलणं अन्यायाचं, कारण एक इंची वाकळीत दोन इंचीच्या दुप्पट काम असतं. एक तास घड्याळ लावून शिवा, किती मीटर झाले ते मोजा, आणि एकूण मीटरना त्यानं भागा. आलेल्या तासांना गावातल्या शेतमजुरीचा तासाचा दर लावा. कापड लावण्याचा आणि कच्च्या टाक्याचा एक दिवस वेगळा धरा, तो बहुतेक जण विसरतात. बचतगटानं विकायला शिवलेल्या वाकळीला कापड फुकट मिळालं तरी धुणं, सोडा आणि दोरा यांचा खर्च लागतोच.

सिंथेटिकचं काय

वाकळीत नको आणि मसोत्याला तर अजिबातच नको. गरम पातेल्याला लागून वितळलं की ते कातडीला चिकटतं. चुलीतही घालू नका, धूर विषारी. तीन पट्ट्यांची घट्ट वेणी घालून दावं चांगलं होतं. रानडुकरांसाठी शेताभोवती साड्या बांधतात तेही ठीक, पण उन्हानं त्या कुजत नाहीत, नुसत्या ठिसूळ होतात आणि धाग्याधाग्यानं मातीत मिसळतात. पीक निघालं की गाठी सोडून त्या गोळा करा. बोटानं चुरा होणाऱ्या साड्या पुढच्या हंगामाला बांधू नका.